तीनशे नमस्कारांचा राजा

सन १९३६. लंडनमध्ये एका हिंदुस्थानी संस्थानिकाची भेट घेण्यासाठी 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकाच्या पत्रकार लुईस मॉर्गन गेल्या होत्या. हिंदुस्थानी राजा म्हटला की हिरे-माणके, हत्ती आणि शिकारीच्या कथा हे त्या काळच्या ब्रिटिश वाचकांच्या डोळ्यांपुढचे ठरलेले चित्र होते. प्रत्यक्षात समोर आले ते सदुसष्ट वर्षांचे, ताठ कण्याचे, चपळ हालचालींचे गृहस्थ. त्यांच्याकडे पाहून वयाचा अंदाज बांधणे कठीण होते. बोलण्याचा विषयही राज्यवैभवाचा नव्हता. रोज पहाटे घालायच्या सूर्यनमस्कारांविषयी ते तळमळीने बोलत होते. या भेटीतून मॉर्गन यांची लेखमाला उभी राहिली आणि दोन वर्षांनी, १९३८मध्ये, लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने त्या राजाचे 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

हे राजे म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आज गावोगावच्या शाळांत, योगवर्गांत आणि रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमांत जो सूर्यनमस्कार घातला जातो, त्याला देवघर आणि आखाड्याच्या बाहेर काढून सर्वसामान्यांचा व्यायाम बनविण्याचे फार मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. मात्र, त्यांचे चरित्र केवळ एका व्यायामप्रकाराच्या प्रचाराची कथा नाही. शरीरावर हुकमत मिळविणारा हा राजा पुढे स्वतःची हुकमत प्रजेच्या हाती सोपवून मोकळा झाला. या दोन गोष्टींमध्ये असलेला धागा समजून घेतल्याशिवाय बाळासाहेब समजत नाहीत.

प्रतिनिधींचे घराणे

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे गाव यमाई देवीचे स्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. (पुण्याचे उपनगर असलेले औंध ते हे नव्हे.) छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आले आणि त्यांच्या वंशजांनी औंधला राहून संस्थानचा कारभार पाहिला. संस्थान लहान होते. क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल, तेही सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरच्या बाजूचे गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांत ते पसरलेले होते. बराचसा मुलूख माणदेशी, अवर्षणाचा. अशा संस्थानाच्या खजिन्यात डामडौलाला जागा नव्हती.

या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. सातारा आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. राजघराण्यातील मुलांनी खास राजकुमारांसाठीच्या शाळांत जाण्याचा तो काळ होता. भवानराव मात्र सामान्य घरांतील विद्यार्थ्यांबरोबर शिकले आणि विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडले. चित्रकला, कीर्तन, संस्कृत वाङ्मय आणि व्यायाम या चार आवडी त्यांना तरुणपणीच जडल्या आणि अखेरपर्यंत टिकल्या.

गादीवर बसण्याचा त्यांचा मार्ग सरळ नव्हता. वडील श्रीनिवासराव यांच्यानंतर १९०१मध्ये थोरले बंधू परशुरामराव गादीवर आले. त्यांच्या पश्चात १९०५मध्ये पुतणे गोपाळकृष्णराव यांच्याकडे अधिकार गेला. पुढे ब्रिटिश सरकारने गोपाळकृष्णरावांना पदच्युत केले आणि नोव्हेंबर १९०९मध्ये भवानराव औंधचे अधिपती झाले. त्या वेळी ते एक्केचाळीस वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या स्वभावाची, आवडीनिवडीची आणि दिनचर्येची घडण राजेपण येण्यापूर्वीच पूर्ण झालेली होती.

सँडोची दहा वर्षे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो हे नाव जगभर गाजत होते. प्रशियात १८६७मध्ये जन्मलेल्या या मल्लाने आपले पिळदार शरीर रंगमंचावर दाखवून लंडनला वेड लावले होते. त्याची पुस्तके आणि त्याच्या नावाची व्यायामसाधने टपालाने देशोदेशी जात. डंबेल्स, ताणण्याचे रबरी पट्टे आणि भिंतीवर टांगायचे तक्ते असा तो सारा थाट होता. १९०५च्या सुमारास सँडो स्वतः हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. परकीय सत्तेखाली दबलेल्या इथल्या सुशिक्षित तरुणाला दुबळेपणाची बोच लागलेली होती. सँडोच्या रूपाने त्याला बलोपासनेचा आधुनिक मार्ग सापडल्यासारखे वाटले.

भवानरावही त्याला अपवाद नव्हते. १८९७मध्ये त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित मेहनत केली. तिचा त्यांना लाभही झाला. शरीर भरले, ताकद वाढली. एखादा हौशी माणूस एवढ्यावर समाधानी राहिला असता. पण भवानरावांना प्रश्न पडत गेले. साधनांशिवाय हा व्यायाम होत नाही, मग प्रवासात काय करायचे? संस्थानातल्या शेतकऱ्याच्या मुलाने डंबेल्स आणायचे कुठून? दंडाचा घेर वाढला म्हणजे पचन, श्वसन आणि झोप सुधारलीच असे म्हणता येईल का?

याच सुमारास मिरजेच्या अधिपतींनी त्यांचे लक्ष सूर्यनमस्कारांकडे वळविले. १९०८पासून भवानरावांनी सँडोची साधने बाजूला ठेवून नमस्कार सुरू केले. वयाची चाळिशी गाठताना घेतलेला हा निर्णय पुढे चार दशके त्यांच्या दिवसाची सुरुवात ठरला.

जुन्याला नवी शिस्त

सूर्यनमस्कार ही भवानरावांची निर्मिती नव्हे. महाराष्ट्रात समर्थ रामदासांच्या परंपरेशी नमस्कारांचे नाते जोडले जाते. आखाड्यांत जोर-बैठकांच्या जोडीने नमस्कार घातले जात, तर देवघरांत नवस, व्रत म्हणून ठरावीक संख्येने ते घालण्याची चाल होती. हठयोगाच्या प्राचीन ग्रंथांत मात्र आजच्यासारखी सूर्यनमस्कारांची मालिका आसन म्हणून आढळत नाही. 'हठप्रदीपिके'वरील ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' या टीकेत तर फार सूर्यनमस्कार घालणे हे शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टींत मोजले आहे. नमस्कार आणि योगासने हे दोन वेगळे प्रवाह होते. ते एकत्र मिसळले विसाव्या शतकात.

भवानरावांनी या जुन्या नमस्काराला नेमकेपणा दिला. त्यांनी प्रत्येक नमस्काराच्या दहा स्थिती ठरविल्या. हात जोडून ताठ उभे राहणे, कमरेत वाकून तळवे जमिनीवर टेकणे, एक पाय मागे नेणे, मग दुसराही नेऊन शरीर सरळ रेषेत तोलणे, साष्टांग, छाती उचलून मान मागे नेणे, कंबर वर उचलणे आणि त्याच क्रमाने परत उभे राहणे. एकदा टेकलेले तळवे शेवटची उठण्याची वेळ येईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, गुडघे ताठ हवेत तेथे ताठच हवेत, श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा, हे सारे त्यांनी आखून दिले. ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरे आणि सूर्याची नावे यांच्या उच्चारालाही त्यांच्या पद्धतीत स्थान होते. या ध्वनींमुळे शरीरात कंपने निर्माण होऊन इंद्रियांना लाभ होतो, असे त्यांचे मत होते.

चित्रकाराची नजर येथे कामी आली असावी. मानवी आकृतीचा अभ्यास केलेल्या माणसाला शरीराची कोणती रेषा कोठे मोडते, हे चटकन दिसते. त्यांच्या पुस्तकांत प्रत्येक स्थिती छायाचित्रांसह दाखविलेली आहे. केवळ वर्णन वाचून, गुरूशिवायही एखाद्याने व्यायाम सुरू करावा, हा त्यामागचा हेतू उघड होता. १९२८मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांपर्यंत ही पद्धत पोहोचली.

शाळेच्या वेळापत्रकात नमस्कार

राज्य हाती आल्यावर भवानरावांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुले आणि मुली दोघांनाही ते लागू होते. ही बाब त्या काळाच्या मानाने लक्षणीय म्हटली पाहिजे. मुलींचे शिक्षणच जेथे वादाचा विषय होता, तेथे मुलींच्या व्यायामाची चर्चा कोण करणार? भवानरावांच्या राजवाड्यात राणीसाहेबही नमस्कार घालत आणि त्याचा त्यांनी कधी संकोच बाळगला नाही. स्त्रियांना या व्यायामाची पुरुषांइतकीच, किंबहुना अधिक गरज आहे, असे ते आग्रहाने मांडत. लंडनमधील लेखमालेने त्यांचे म्हणणे पुढे तिथल्या स्त्रीवाचकांपर्यंतही नेले.

स्वतः राजे रोज तीनशे नमस्कार घालत. मिनिटाला चार-पाच या गतीने धरले तरी हा तास-सव्वा तासाचा व्यायाम होतो. प्रौढ, निरोगी माणसाने हळूहळू या संख्येपर्यंत जावे, असा त्यांचा आग्रह होता. मात्र पहिल्याच दिवशी तीनशेचा संकल्प सोडणाऱ्या उत्साही मंडळींना त्यांचा सल्ला वेगळा होता. वय आणि ताकद पाहून लहान संख्येने सुरुवात करावी, ती टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि एकही दिवस चुकवू नये. लहान मुलांसाठी संख्या कमी, मोठ्यांसाठी जास्त, अशी चढती मांडणी त्यांनी केली होती.

औंधच्या शाळेचा लौकिक त्या काळी दूरवर पोहोचला होता. गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होत असल्याने बाहेरगावची मुलेही तेथे येत. साने गुरुजी काही काळ औंधला शिकले. माणदेशातून आलेले ग. दि. माडगूळकर हेही याच संस्थानच्या शाळांत वाढले.

पाच साधी तत्त्वे

भवानरावांच्या लेखनातील भाविकतेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर उरते ते व्यायामशास्त्राचे प्राथमिक धडे. पहिले तत्त्व नियमिततेचे. आठवड्यातून एकदा घाम गाळण्यापेक्षा रोज थोडा व्यायाम हितकर. दुसरे, क्रमाक्रमाने वाढ. शरीराला झेपेल तेवढाच भार द्यावा आणि सवय झाली की तो वाढवावा. तिसरे, सर्वांगीणता. एखाद्या स्नायूचे कौतुक करत बसण्यापेक्षा हात, खांदे, पोट, पाठ, मांड्या, पोटऱ्या यांना एकाच मालिकेत काम मिळावे. चौथे, सुलभता. अंथरुणाएवढी जागा आणि मोकळी हवा एवढ्यावर जो भागतो, तोच व्यायाम आयुष्यभर टिकतो. पाचवे, आहार-विहाराची जोड. साधे, बहुतांशी शाकाहारी अन्न, ताज्या भाज्या व फळे, वेळेवर झोप आणि व्यसनांपासून दूर राहणे यांविना नुसता व्यायाम अपुरा आहे.

आधुनिक व्यायामविज्ञान या यादीशी फारसे भांडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणाऱ्या हालचाली कराव्यात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासाभराची हालचाल सांगितली आहे. योग्य गतीने घातलेले सूर्यनमस्कार हृदयाची गती वाढवितात, सांधे मोकळे करतात आणि हातापायांना शरीराचे वजन पेलायला लावतात. एका मालिकेत लवचिकता, दम आणि बळ या तिन्हींचा अंश येतो.

तरीही त्यांचे प्रत्येक विधान आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आपल्या पद्धतीवरील विश्वासापोटी अनेक विकार केवळ नमस्कारांनी दूर होतात, असे भवानराव मांडत. बीजाक्षरांच्या कंपनांनी अमुक इंद्रियाला अमुक लाभ होतो, हेही ते ठामपणे सांगत. अशा दाव्यांना प्रयोगाचा आधार लागतो आणि तो त्या काळी घेतला गेला नव्हता. शिवाय एकच व्यायाम सर्व गरजा भागवितो, हे म्हणणेही तपासून घ्यावे लागते. नमस्कारात शरीर ढकलण्याची क्रिया भरपूर आहे, ओढण्याची जवळजवळ नाही. त्यामुळे पाठीच्या वरच्या भागाला आणि हाताच्या पकडीला पूरक व्यायाम हवा. मणक्याच्या चकतीचा त्रास, अंतर्गळ, अनियंत्रित रक्तदाब, मनगटाचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण अशा अवस्थांत वैद्यकीय सल्ल्याविना नमस्कार घालणे धोक्याचे ठरू शकते. तीनशे ही संख्या भवानरावांच्या तीस-चाळीस वर्षांच्या सवयीची होती. ती प्रत्येकाची होऊ शकत नाही.

कलावंत आणि आश्रयदाता

व्यायामाचे वेड लागलेला माणूस बहुधा एकसुरी असतो. भवानराव तसे नव्हते. त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली. १९२०च्या दशकात चित्रकारांना सोबत घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांनी जमविलेल्या चित्रे, शिल्पे आणि कलावस्तूंसाठी औंधच्या टेकडीवर १९३८मध्ये श्री भवानी वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. राजा रविवर्मा यांच्या मूळ चित्रांसह तेथील संग्रह आजही अभ्यासकांना औंधला खेचून आणतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागेही त्यांची प्रेरणा आणि आर्थिक पाठबळ होते. सचित्र महाभारत निघावे, ही त्यांची १९१८मधील सूचना त्या प्रचंड प्रकल्पाचे निमित्त ठरली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून कारखाना हलवायला जागा शोधत होते, तेव्हा १९१०मध्ये त्यांना कुंडलजवळच्या माळावर जमीन देणारे भवानरावच होते. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे अभ्यासक आणि स्वतः चित्रकार असलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८मध्ये औंधला आले आणि तेथे त्यांचे स्वाध्याय मंडळ वाढले. सातवळेकरांनीही आसने आणि सूर्यनमस्कार यांवर लेखन करून या प्रचाराला बळ दिले. १९३५मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भवानरावांना मिळाले. व्यायाम, कला, उद्योग आणि विद्या यांना एकाच छताखाली जागा देणारे हे लहानसे संस्थान त्यामुळे आपल्या आकाराहून पुष्कळ मोठे भासे.

शरीराचे स्वराज्य, राज्याचे स्वराज्य

भवानरावांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी पाऊल त्यांच्या सत्तरीतले आहे. देशात संस्थानी प्रजेच्या हक्कांची चळवळ जोर धरत होती. अनेक संस्थानिक दडपशाहीचा मार्ग पत्करत होते. नोव्हेंबर १९३८मध्ये औंधच्या राजाने मात्र आपले सर्व अधिकार प्रजेच्या स्वाधीन करण्याची घोषणा केली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांचा या योजनेत पुढाकार होता. महात्मा गांधींनी राज्यघटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातले. जानेवारी १९३९मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली.

तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. गावाने आपले पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तेथून विधिमंडळ, अशी खालून वर जाणारी रचना होती. न्यायदान आणि महसुलाचा मोठा भाग गावाच्या हाती आला. राजाचा खर्च मर्यादित झाला. आप्पासाहेब या व्यवस्थेत पंतप्रधान झाले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. शिक्षा भोगणाऱ्यांनी उघड्या माळावर शेती करून माणूस म्हणून उभे राहावे, ही त्यामागील कल्पना होती. व्ही. शांताराम यांचा १९५७मधील 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला.

येथे भवानरावांच्या दोन आवडींची गाठ पडते. सँडोच्या साधनांवर त्यांनी सोडलेला विश्वास आणि सिंहासनावर सोडलेला हक्क या एकाच विचाराच्या दोन बाजू मानता येतात. बाहेरच्या साधनावर अवलंबून असलेले आरोग्य टिकाऊ नसते आणि वरून लादलेली सुव्यवस्थाही टिकाऊ नसते. माणसाने आपल्या देहाची जबाबदारी आपण घ्यावी, गावाने आपल्या कारभाराची घ्यावी. दोन्ही ठिकाणी आरंभ लहान असावा, रोज व्हावा आणि तो करणाऱ्याच्या स्वतःच्या बळावर उभा असावा.

यात एक विसंगती होती, हेही नोंदवायला हवे. स्वयंशासनाचा पुरस्कार करणाऱ्या या राजाने सूर्यनमस्कार मात्र हुकूम काढून सुरू केले होते. सक्तीने घातलेला नमस्कार शिस्त लावतो, पण गोडी लावतोच असे नाही. शाळा सुटल्यावर किती जणांनी तो चालू ठेवला असेल, हा प्रश्न कोणत्याही काळातील शारीरिक शिक्षणाला विचारता येण्याजोगा आहे. भवानरावांच्या बाबतीत एवढे मात्र खरे की, जे त्यांनी प्रजेकडून करवून घेतले, ते स्वतः आधी केले आणि प्रजेहून अधिक केले. पहाटे उठून घाम गाळणाऱ्या राजाचा हुकूम आणि गादीवर लोळून काढलेला हुकूम यांत प्रजेला फरक कळतोच.

राज्य गेले, नमस्कार राहिला

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. ८ मार्च १९४८ रोजी औंधचे वेगळे अस्तित्व संपले. ग्रामस्वराज्याचा तो प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला. अधिकार आधीच सोडलेल्या राजाला विलीनीकरणात गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भवानरावांचे निधन झाले. त्यांनी ज्याची पद्धत एके काळी गिरविली, तो सँडो १९२५मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षीच जग सोडून गेला होता. दोघांच्या आयुर्मानावरून व्यायामपद्धतींचा निवाडा करणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र उतारवयातही पाठीचा कणा ताठ राहावा आणि हालचाल मोकळी असावी, हे भवानरावांनी आपल्या देहावर दाखवून दिले.

पुढे परराष्ट्र सेवेत नाव कमावलेल्या आप्पासाहेब पंतांनी वडिलांचा हा वारसा देशोदेशी नेला. १९७०मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, तर औंधच्या ग्रामस्वराज्याची हकीकत 'अ‍ॅन अनयूज्वल राजा' या ग्रंथात सांगितली. दरम्यान नमस्काराचे रूपही बदलत गेले. भवानरावांच्या दहा स्थितींच्या जागी अनेक ठिकाणी बारा स्थिती आल्या. योगासनांच्या वर्गात त्याला कायमची जागा मिळाली. जगातील लाखो लोक आज तो घालतात आणि त्यांपैकी बहुतेकांनी औंधचे नाव ऐकलेले नसते.

व्यायामाचा आजचा बाजार सँडोच्या काळापेक्षा कितीतरी मोठा आहे. महागडी यंत्रे, चूर्णाचे डबे, मनगटावरची पावले मोजणारी घड्याळे आणि महिन्याभरात शरीर बदलून देण्याच्या जाहिराती यांनी तो भरला आहे. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात व्यायामशाळांत गर्दी होते आणि महिना उलटला की ती ओसरते. या गर्दीत सव्वाशे वर्षांपूर्वी हाच मोह पडलेला, त्या वाटेने दहा वर्षे चालून पाहिलेला आणि मग साधने खाली ठेवून आपल्या दोन हातांवर परत आलेला एक राजा आठवावा. त्याच्यासारखे तीनशे नमस्कार कोणी घालावेत, असे नाही. पाच घालावेत, पण उद्याही घालावेत. औंधच्या राजाने आयुष्यभर गिरविलेला धडा एवढाच आहे आणि तो गिरविणे वाटते तितके सोपे नाही.